रॅलीच्या गाडीत इनासनं ऐकलं ते

रवि. ६ फेब्रु. ८३, निर्मळ
चर्चमधल्या मिस्सानंतर इनासच्या अंधशाळेचे सर मुंबईहून घरी आले. पुढच्या रविवारी आपल्या तालुक्यात मोटारींची रॅली. कुणीही आपली गाडी घेऊन यावं, फी भरावी. गाडी डोळस माणसानं चालवायची, रस्ता शेजारी बसलेल्या अंधानं ब्रेलमधून वाचून सांगायचा. जमतील ते पैसे शाळेच्या वसतिगृहाला. सरांना इनास हवा. "तालुका त्याच्या पायाखालचा, बोटं तयार. दुसरा कोण आणू?"
सर गेल्यावर इनास म्हणाला, "बाय, मी रस्ता दाखवणार! मी!" आणि हसत सुटला. नवव्या वर्षी देवीत डोळे गेले, आता सव्वीस. माझा भाऊ असा हसतो हे मी विसरलेच होते.

गुरु. १०
रॅलीसाठी इनासला गाडी मिळाली, सबनीस साहेबांची; चालवणार तेच. मुंबईत कारखाना आहे त्यांचा. तिथं टेलिफोन ऑपरेटरची जागा रिकामी, सरांनी इनासचं नाव घातलंय. आय दिवसभर त्याचा पांढरा शर्ट धुण्या-इस्त्रीच्या मागे.
मलाही काम दिलं. चांदीपच्या चेकपॉइंटवर बसायचं, गाडी आली की वेळ लिहायची, शिक्का मारायचा.

रवि. १३, दुपार
रॅली सकाळीच आटोपली.
चांदीपला सबनीसांची गाडी आली ती पुढचा डावा दिवा फुटलेली. बंपरला सुक्या बोंबलाचे तुकडे चिकटलेले. साहेब म्हणाले, "खड्डा लागला, बाई." मी वेळ लिहिली. शिक्का मारला. इनासचा चेहरा पांढराफटक. "बाय..." म्हणाला, तोवर गाडी सुटली.
तिसरा नंबर आला त्यांचा. कप, हार, फोटो.
घरी आल्यावर कप खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. मग बोलला. अर्नाळ्याहून विरारकडे येताना, आगाशी मागे पडल्यावर, सायकलची घंटी वाजली. मग धक्का. मग माणूस ओरडला, एकदाच.
"मी म्हटलं, साहेब, थांबा. गाडी जराशी थांबली. ते म्हणाले, कुत्रं होतं, पुढचं वळण वाच."
"मग?"
"वाचलं."

सोम. १४
माझ्या शाळेत, आम्हा शिक्षकांच्या खोलीत, तोच विषय. अर्नाळ्याचा पांडुरंग, कोळी, काल सायकलवर सुकी मासळी घेऊन विरारच्या बाजाराला चालला होता. डोक्याला मार. विरारच्या दवाखान्यात बेशुद्ध पडलाय. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कुठली गाडी ते कुणालाच सांगता येत नाही.
शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पोलीस चौकीवर. इनासनं सगळं सांगितलं. जमादार पेन हातात धरून ऐकत होता, लिहीत नव्हता.
"तू काय पाहिलंस पण?"
"पाहिलं नाही. ऐकलं."
"फौजदार साहेब पुढच्या सोमवारी येतील. तेव्हा ये." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काही पाहिलंत, बाई?"
"मी चांदीपला होते," मी म्हटलं.
खोटं नाही ते. पण तेवढंच बोलले.

बुध. १६, राखेचा बुधवार
कपाळावरची चर्चमधली राख पुसलीही नव्हती, सर दारात. घामाघूम. "चौकीवर कशाला गेलात? वसतिगृहाचा अर्धा भार सबनीस उचलतायत. माझी मुलं व्हरांड्यात झोपतात हो." स्वतःसाठी काही मागत नव्हते, म्हणून जास्त त्रास झाला.
इनास म्हणाला, "सर, आवाजावरून ओळखायला तुम्हीच शिकवलंत."
सर डोळे पुसत उठले. जाताना खिशातून पाकीट काढून आयच्या हातात दिलं. नोकरीचं पत्र. येत्या सोमवारी हजर व्हायचं. चौकीवर बोलावलंय तोच सोमवार.
आय आत जाऊन रडली. नोकरीसाठी की पांडुरंगसाठी, विचारलं नाही. मी तांदूळ निवडत बसले. दुसरं काय करणार होते?

शुक्र. १८
पांडुरंग अजून शुद्धीवर नाही.
दिव्याचं, बोंबलाचं इनासला अजून सांगितलेलं नाही. तो समजतो की या जगात त्याच्या दोन कानांशिवाय साक्षीला कुणी नाही. मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या, एकही पुरी झाली नाही. बोलले तर सर, वसतिगृह, त्याची नोकरी. न बोलले तर

शनि. १९
सांगितलं. केळीला पाणी सोडत होतो तेव्हा.
"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."
"संशय आला होता. सोमवारी खात्री झाली."
"जमादारानं विचारलं तेव्हा माहीत होतं?"
"हो."
त्यानं पाण्याच्या आवाजाकडे कान लावला. मग म्हणाला, "तिकडची सरी भरली बघ." रागावला असता तर बरं झालं असतं.

रवि. २०
इनास म्हणाला, दवाखान्यात जायचं. गेलो. पांडुरंगची बायको हरकू खाटेशेजारी खाली बसलेली. आम्ही कोण, उद्या चौकीवर कशाला बोलावलंय, ते सांगितलं. ती उठली.
"तू व्हतास ना त्या गाडीत? मग उतरला का नाय? पानी तरी पाजला असतास त्याला."
"दाराचं हँडल शोधत होतो, मावशी. सापडेपर्यंत गाडी निघाली."
ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "उद्या फौजदार सायबासमोर ह्येच सांगशील?"
"सांगीन."
मग माझ्याकडे वळली. "आन तू, बाय?"
मी नुसती मान डोलावली.
परतताना एस.टी.त इनास खिडकीशी बसला होता. आगाशी गेल्यावर त्यानं विचारलं, "बाय, तिला तू काय म्हणालीस? मला काहीच ऐकू आलं नाही."