सातचा फोन

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी खुशाल आहे. फोन असताना पत्र कशाला, ते पुढे येईलच.

ठमीला दाखवण्याजोगं अ‍ॅप मी तीन आठवडे शोधत होतो. एकवीस तपासली. लहान मूल कुठेही हात मारतं, म्हणून स्क्रीन कोपरानेही दाबून पाहिली. सोळांत जाहिराती निघाल्या. दोन पैसे मागत होती. एक तर थांबायचं नावच घेईना, खेळ संपला की आपणहून दुसरा सुरू. उरलेल्या दोनांतलं बदकाचं चांगलं आहे, ते तुझ्या फोनवर पाठवलं आहे. चोचीवर बोट ठेवलं की बदक ओरडतं आणि पाचपर्यंत मोजतं. इंटरनेट लागत नाही, आणि वीस मिनिटांनी बदक झोपतं. माझा खोलीवाला, माझ्यासोबत राहतो तो, क्रेन चालवतो. तो म्हणाला, एवढा घोडा झालास आणि बदकाला गुदगुल्या कसल्या करतोस.

त्याला काय सांगणार? माझं काम तुला ठाऊक आहे. उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोर बसायचं, पुढून बाटल्या सरकतात, तडा दिसला की उचलायची. दर वीस मिनिटांनी मुकादम आम्हाला उठवतो, कारण त्यापुढे डोळे उघडे राहतात पण तडा दिसत नाही. मोठ्या माणसाची ही गत, मग दोन वर्षांच्या पोरीचं काय?

इथल्या दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद आहे, तो मी उतरवून घेतला. दोन वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. जेवताना नाही. झोपण्याआधी तासभर नाही. ताई, आपला संध्याकाळी सातचा व्हिडिओचा फोन पाऊण तास चालतो, आणि तोही तिच्या जेवणाच्या वेळी. म्हणजे नियम मोडणारा मीच. तिची आई गेली, मी तिला तुझ्याकडे ठेवून इकडे आलो, आता निदान डोळे तरी माझ्यामुळे बिघडू नयेत. तेव्हा सातचा फोन आजपासून बंद. तू केलास तरी मी उचलणार नाही, नाहीतर मन आवरणार नाही. तातडीचं असेल तर कारखान्याच्या ऑफिसात कळव.

बदक तिला आकडे तरी शिकवेल. मी काय शिकवतो? नुसता बघत बसतो.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
भाऊ

१३ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

सातवीत शाळा सोडलीस, पण नियम काढायला बसलास की हेडमास्तर बरा. तुझ्या पत्रात एक वेलांटी चुकलेली सापडेना, अक्कल मात्र कुठे ठेवलीस ते कळेना. असो. सांगितलंस तसं केलं. बदक दुपारी वीस मिनिटं, मी शेजारी बसते. ठमी तीनपर्यंत मोजते, मग एकदम पाच.

संध्याकाळी मात्र जेवत नाही. घास तोंडात धरून बसते. दाढा येत असतील. तू काळजी करू नकोस, असं लिहिते खरी, पण करशीलच.

नीट खात जा. वाळलास तर आल्यावर मीच झोडपीन.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाढा कोणत्या बाजूच्या ते लिहायचं राहिलं. मला वाटतं बदक जास्त होत असावं. वीसची दहा मिनिटं करून बघ. स्क्रीनचा उजेडही कमी कर, वरून बोट खाली ओढलं की ती पट्टी दिसते.

इथे सगळं तसंच. सात वाजले की खोलीवाला घरी फोन करायला जिन्यात जातो, भिंतीतून त्याचं हसणं ऐकू येतं. मी तेवढ्या वेळात ताट घासतो. ते घासलेलंच असतं, पण वेळ जातो. काल ताट झालं, पेला झाला, मग कपाट पुसलं, तरी सात वाजून बाराच मिनिटं झाली होती.

ती काय खाते, किती खाते, रोजचं लिहून पाठव. माझ्या कटकटीला कंटाळू नकोस.

तुझा,
भाऊ

३१ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

दाढा नव्हत्या. तुझ्या जिवाला लागेल म्हणून सांगत नव्हते, आता सांगते.

रोज सातला ठमी माझा फोन उचलून ओट्याजवळच्या साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, तू दिसायचास तिथे. समोर आपली वाटी ठेवते आणि बसून राहते. बदक लावलं तर पालथं घालते. पहिले काही दिवस बाबा, बाबा करायची. आता हाक मारत नाही, नुसती बसते.

मी तिला दवाखान्यात नेलं आणि तुझा कागद डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या आधी हसल्या, मग चष्मा काढून बसल्या. म्हणाल्या, भावाला कळवा, हा नियम बदकासाठी आहे, बापासाठी नाही. बाप बघतो, उत्तर देतो, ती हसली की हसतो. ते त्या तासात धरायचं नसतं. मग मला विचारलं की इतकं कोणी मनाला लावून घेतं का. म्हटलं, आमचा घेतो.

आठ तारखेला, सातला. डबा जागेवर असेल. उचलला नाहीस असं नको, तूच कर.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

चौतीस दिवस झाले होते. ती माझ्याकडे बघून तुझ्या मागे लपली, ते मी पाहिलं. तू घाईघाईने म्हणालीस की झोप आली आहे तिला. ताई, झोप नव्हती आली. बारीक तडा ओळखायचीच तर मला सवय आहे.

मग ती पुढे आली आणि तिने माझ्या नाकावर बोट ठेवलं. ठेवूनच राहिली. वाट बघत होती. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी बदकासारखा ओरडलो, आणि पाचपर्यंत मोजलं. चार मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. खोलीवाला दारात उभा होता, पण हसला नाही. नंतर तिने चमचा माझ्या तोंडाला लावला आणि स्क्रीन भरून गेली. तू पुसेपर्यंत मला काही दिसत नव्हतं. काच खराब झाली होती, असं मी खोलीवाल्याला सांगितलं.

बाबा म्हणाली नाही. तिचं काही चुकलं नाही. मी उद्याही ओरडेन, परवाही.

डबा थोडा डावीकडे सरकव. तिची वाटी अर्धीच दिसते.

तुम्हा दोघींचा,
भाऊ