पिवळी पावडर उडते का?

३ मार्च, सोमवार

आज माझ्या हाती पहिलं स्वतंत्र काम! आजवर प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या काचेच्या नळ्या धुतल्या. आता माझी वही, माझी सही.

एका कारखान्याची पावडर आहे. तिचा बाष्पदाब मोजायचा. म्हणजे साध्या भाषेत – ही पावडर वाफ होऊन हवेत जाते का, आणि किती? कपाटातली डांबराची गोळी जशी न भिजता, न वितळता लहान होत जाते, तसं. पावडर उडत नसेल तर कामगारांना धुळीपुरता कापडी मास्क पुरे. उडत असेल तर वाफ कापडातून सरळ आत. मग पॅकिंगच्या शेडमध्ये हवा खेचणारे पंखे बसवावे लागतील. आमचा अहवाल बघून कारखाना ठरवणार.

बरणीचं झाकण उघडलं आणि हात थांबला. हा पिवळा रंग! सहा वर्षं आईच्या बाह्यांवरून घासून काढतेय मी हा. आई त्याच शेडमध्ये पोत्यांची तोंडं शिवते. त्या शिलाईवर माझी पदवी उभी आहे.

४ मार्च, मंगळवार

प्रयोगशाळेच्या सरांना सगळं सांगून टाकलं. (आम्ही त्यांना मागे ‘दशांश सर’ म्हणतो. चहात साखरसुद्धा ‘एक पॉइंट पाच’ चमचे मागतात.) वाटलं, काम काढून घेतील. खूप वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “काम तूच कर. तराजूचा आकडा मात्र दोघांनी वाचायचा. सह्याही दोघांच्या.”

हवेत तरंगत घरी आले!

६ मार्च, गुरुवार

पद्धत इतकी सुंदर आहे! अंगठ्याएवढी डबी, झाकणाला सुईच्या टोकाहून बारीक छिद्र. डबी निर्वात नळीत ठेवायची. पावडरची वाफ होत असेल तर ती त्या छिद्रातून निसटते आणि डबीचं वजन घटतं. तेवढंच. पण ते वजन असं की त्यापुढे डासाचा पायसुद्धा ओंडका.

आणि वजन घटलं! धडाधड! सर बाहेर गेले होते. मी तशीच घरी पळाले आणि आईला जाहीर करून टाकलं – उद्यापासून कामावर जायचं नाही.

आई बटण लावत होती. मानही वर केली नाही. म्हणाली, एवढी उडते तर पोती रिकामी कशी होत नाहीत? आणि तिला तर त्या पावडरीचा कधी वाससुद्धा आला नाही.

या वादात दूध करपलं. मला दारापर्यंत वास आला, बाबांना जिन्यात. आई शेगडीशेजारी बसली होती, तिला पत्ता नाही. नेहमीचंच! बाबा म्हणाले, हिचं नाक रजेवर गेलंय आणि अर्जही दिलेला नाही. हसून हसून पोट दुखलं.

७ मार्च, शुक्रवार

फजिती. सरांनी आकडे पाहिले आणि एकच प्रश्न – “पावडर वाळवली होतीस?”

नाही वाळवली! उडालं ते ओलाव्याचं पाणी. घाबरले मात्र पावडरीला.

घरी कान धरून कबूल केलं. आई म्हणाली, “पदवी तरी वाळवून घेतलीस का?”

आठवडाभर हे ऐकावं लागणार.

१२ मार्च, बुधवार

पावडर दोन दिवस वाळवली. मग पंचवीस अंशांवर नव्यानं मोजलं – कारखान्याच्या कागदावर ‘पॅकिंग : खोलीच्या तापमानाला’ असंच लिहिलंय. घट इतकी कमी की तराजूचा शेवटचा आकडा नुसता लुकलुकतो. निष्कर्ष : वाफ नगण्य, कापडी मास्क पुरे.

खरंच आनंद झाला. आईला धोका नाही! शुक्रवारी अहवाल रवाना.

१३ मार्च, गुरुवार

आईचे दोन्ही हात कोपरापासून खाली लाल. विचारलं तर म्हणाली, पोती गरम असतात ना.

गरम?

“अगं, गरमच भरावी लागते. गार झाली की तिचा दगड होतो. मग बसा फावड्यानं फोडत!”

सुकवण्याच्या भट्टीतून थेट पोत्यात. सहा वर्षं. तो कागद लिहिणारा शेडमध्ये एकदाही उभा राहिला नसणार. पण मला कुणाला बोलायचंय? मी तिच्या बाह्या धुतल्या आणि कधी विचारलं नाही.

किती गरम, ते नीट विचारलं. आईनं विचार केला – नुकत्याच ओतलेल्या चहाच्या कपाइतकी. धरवतो, पण फार वेळ नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी कॅंटीनमधून चहा आणला, कप धरवेनासा होईपर्यंत धरला, मग तापमापी बुडवली. साठ!

अहवाल पाकिटात गेला होता. तो परत मागितला. सर म्हणाले, दिलेल्या तापमानाला मोजणं हे आपलं काम. शिवाय आईला विचारून प्रयोग कुणी करतं का?

माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, ती सहा वर्षं मोजतेच आहे. फक्त आकडा लिहीत नाही.”

सरांनी कारखान्यात फोन लावून थेट भट्टीवाल्यालाच गाठलं. तोही म्हणाला – गरमच भरतो, साहेब. पाकीट सरांनी स्वतः फोडलं.

१९ मार्च, बुधवार

वाळवलेली पावडर, साठ अंश. दर तासाला घट तेवढीच. पाणी असतं तर कमी कमी होत थांबलं असतं. हे थांबत नाही. पंचवीस अंशांच्या जवळजवळ सत्तरपट!

नळीच्या थंड काचेवर पिवळी साय धरली आहे. वाफ होऊन तिथवर गेलेली. सगळं जमलं. सरांनी आकडा दोनदा वाचला आणि पहिली सही त्यांनी केली.

८ एप्रिल, मंगळवार

कारखान्यानं अहवाल मानला! पंखे बसले. पावडर आता गार करून, यंत्रानं फोडून मगच भरतात. नवे मास्कही आले – आई म्हणते, सगळ्याजणी सोंडा लावून बसल्यासारख्या दिसतो. कौतुक वगैरे काही नाही, तक्रारच! पंख्यांच्या आवाजात कुणाच्या सुनेचं कानात सांगायची सोय राहिली नाही. ओरडून सांगावं लागतं, आणि सून तिथेच दोन पोती पलीकडे असते.

११ मे, रविवार

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आई आतल्या खोलीत शिवायला बसलेली. तिथून ओरडली, “अगं, दूध लागलं बघ! वास येतोय.”

धावत गेले. खरंच लागलं होतं. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा वास आधी आईला आला होता. बाबा आले, आई आली. तिघं पातेल्याभोवती उभे. कुणीच हसलं नाही.

मग आईनं वाकून पातेल्याचा वास घेतला. पुन्हा घेतला.