तक्रार चौथ्या ठोक्यावर

ब्लॅकर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया
गुरुवार, ८ ऑगस्ट १९५७

तीर्थस्वरूप अँब्रोजदादांना धाकट्या फिलोमेनाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच). एरीच्या तळ्यावरचा वारा तुम्हाला मानवत असेल आणि वहिनींचे गुडघे चालते असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. धंदा उत्तम चालला आहे; म्हणजे गावाची प्रकृती तेवढी बरी नाही.

माझ्याबद्दल कुणीतरी तुम्हाला काहीबाही कळवलंच असणार. (थिओफिला आत्याच. लोकांच्या अब्रूचा प्रश्न आला की ती तिकिटाचा खर्च बघत नाही.) कळवलं असेल की कॅझिमिरची विधवा, जिने नवऱ्यामागे अकरा वर्षं मयताचा धंदा एकटीने सांभाळला, ती आता भर रस्त्यात झांजा बडवत फिरते. हे खरं आहे. पण कसं झालं ते आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

आमच्या कुंपणापलीकडे माजी सैनिकांचा हॉल आहे, आणि त्यापुढे नगर समितीचं मैदान, ते तुम्ही पाहिलंय. कॅझिमिर होता तेव्हापासून तिथून फक्त बिअरचा वास यायचा. गेल्या वर्षी शेजारच्या गावाने ढोल-बिगुलाचं पथक काढलं आणि आमच्या वीरांच्या पोटात दुखायला लागलं. लगेच बत्तीस बिगूल आणले. वाजवता येणारे चार. आता एक गोष्ट मी पुरती चौकशी करून सांगते : वाजवायच्या इच्छेने त्या पथकात एकही माणूस गेलेला नाही. एमिल व्राबेल, आमचा न्हावी, पथकाचा प्रमुख. ज्या सभेत पथक काढायचं ठरलं त्या सभेतून तो लघवीला गेला होता; परत आला तोवर तो प्रमुख झाला होता. (अख्खं युद्ध त्याने नेब्रास्कात नव्या भरतीची डोकी भादरण्यात घालवलं. पण चालतो असा, की जर्मनांनी त्याच्याच वस्तऱ्यापुढे शरणागती लिहून दिली.) डॉमिनिक तेसाउरो बेकरीवाला पाव पोचवायला गेला. त्याच्या पोटावर मोठा ढोल कसा दिसेल म्हणून कुणीतरी गंमत म्हणून बांधला, आणि पट्ट्याची कडी अडकली. कडी सुटायला दीड तास लागला, तेवढ्यात त्याला ते आवडायला लागलं होतं. खाणीच्या कचेरीतला कारकून लॉइड प्यू टोपीच्या तुऱ्यासाठी गेला. तुरा धरून तो सहा फूट भरतो, आणि बायको त्याच्याकडे मान वर करून बघते ती फक्त मिरवणुकीत.

तर एप्रिलमध्ये सबिना हुडाक गेली. भली बाई. मंगळवारी संध्याकाळी तिच्या अखेरच्या दर्शनाला निम्मं गाव आपल्या बैठकीत बसलेलं. फादर क्रुपांनी जपमाळ सुरू केली. तिसऱ्या मण्यावर पलीकडे ढोल सुरू झाले. फादरनी आवाज चढवला, बिगूलही चढले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं (आणि मेलेली समोर होतीच). त्याहून वाईट म्हणजे फादर नकळत ढोलाच्या चालीवर म्हणायला लागले, आणि पहिल्या रांगेत सबिनाचा नवरा, एकाहत्तर वर्षांचा म्हातारा हुडाक, काळ्या बुटाने जमिनीवर ठेका धरत होता! मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने दुसराही पाय सुरू केला.

मी उठले, काळ्या कपड्यांतच कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि व्राबेलसमोर उभी राहिले. नेमका त्याच वेळी त्यांचा झांजवाला बायकोने हाक मारली म्हणून घरी पळाला होता. व्राबेलने माझ्याकडे न बघताच दोन पितळी थाळ्या माझ्या हातात कोंबल्या.

"फिलोमेनाबाई, एक मिनिट धरा जरा."

"मी तक्रार करायला आलेय, एमिल."

"करा की. कोण नको म्हणतंय? फक्त चौथ्या ठोक्यावर करा. मी मान हलवतो."

दादा, मी रागाने लाल झाले होते. त्याने मान हलवली आणि मी सगळा राग त्या दोन थाळ्यांत घालून हाणला. अहो, तो आवाज गावामागच्या कोळशाच्या ढिगावर जाऊन परत आला. अकरा वर्षं मी माझ्या घरात दार लोटताना आवाज होऊ दिलेला नाही. खुर्च्यांच्या पायांना फडकी, बुटांना मऊ तळवे, बोलणं कुजबुजून, शिंक आली तर तळघरात जाऊन. आणि इथे माझ्या हातांतून तो असा सुटला, की बत्तीस बिगूलवाले आपापले बिगूल खाली करून माझ्याकडे बघायला लागले. व्राबेल एवढंच म्हणाला, "बरोबर चौथ्यावर. पुन्हा." मी पुन्हा हाणला. मग आणखी सहा वेळा. मग मला आठवलं की घरात सबिना आहे.

लाज वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्ज केला. अब्रूदार बाई दुसरं काय करणार? सराव बंद करावा असा नगर समितीला अर्ज, त्यावर एक्केचाळीस सह्या. (पहिली सही व्राबेलच्या बायकोची. तिने खाली दोन रेघाही मारल्या.) सुनावणी पाच आठवड्यांनी होती. तोवर पुरावा गोळा करायला नको? म्हणून मी दर मंगळवारी आणि गुरुवारी पलीकडे जात होते. पुरावा जवळून घ्यावा लागतो. हात रिकामे असले की लोक संशय घेतात, म्हणून झांजा धरत होते.

सुनावणीला मी अर्ज घेऊन एका बाजूला आणि पथक टोप्या मांडीवर घेऊन दुसऱ्या बाजूला. डॉमिनिक माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याच्या भट्टीत पाणी ओतलं होतं. समितीचे अध्यक्ष हॅरल्ड स्टाइटली उठले. बोलताना या माणसाचे दोन्ही अंगठे कायम जाकिटाच्या खिशात असतात, बहुधा कुणी चोरतील म्हणून. म्हणाले, आमच्या फिलोमेनाबाईंच्या नाजूक कानांना त्रास होतो, बाईमाणूसच ते, तेव्हा समिती सराव बंद करायला एका पायावर तयार आहे; आणि ते मोकळं होणारं मैदान आम्ही एका होतकरू व्यापाऱ्याला जुन्या मोटारी विकायला देत आहोत. होतकरू व्यापारी मागच्या रांगेत बसला होता. अध्यक्षांचा मेव्हणा. त्याने भोंगाही आणून ठेवला होता म्हणे, गिऱ्हाइकं बोलवायला, सकाळ ते संध्याकाळ.

मी उभी राहिले. "माझे कान नाजूक नाहीत, हॅरल्ड," मी म्हटलं. "माझी तक्रार एवढीच आहे, की हे लोक दुसऱ्या कडव्यात घाई करतात. त्यांना वेळेत वाजवायला लावा. आणि माझ्या घरात मयत असेल त्या दिवशी ढिगापलीकडे जाऊन वाजवायला सांगा." एवढं बोलून मी अर्ज मागे घेतला. बाकीच्या चाळीस जणांनी त्यानंतर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. (आता बोलतात. मरायचं सगळ्यांनाच आहे, आणि गावात हे दुकान एकच.) त्याच सभेत पथकाने मला रीतसर घेतलं. खरा झांजवाला काही परत आलाच नाही.

पहिली मिरवणूक तीस मेची, गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाची. आमचा मोठा रस्ता किती उताराचा आहे तुम्हाला माहीतच आहे. चर्चपाशी माझ्या डाव्या झांजेचा पट्टा तुटला. थाळी खाली पडली, काठावर उभी राहिली आणि निघाली. तुरे लावलेले आम्ही सगळे मागे आणि ती पुढे, एकटीच, दिमाखात. लोकांना वाटलं ठरवूनच आहे. टाळ्या पडायला लागल्या. डॉमिनिकला ढोलापुढचं काही दिसत नाही, त्यामुळे तो बेधडक वाजवत होता. खाली मंडपात स्टाइटलींनी वीरांसाठी एक मिनिट शांतता पाळायला सांगितलं होतं. थाळी मंडपात शिरली, त्यांच्या खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बसली. खणखणत बसताना तिला पूर्ण मिनिट लागलं. त्या दिवशी स्टाइटलींचे अंगठे मी पहिल्यांदा उघड्यावर पाहिले.

त्या संध्याकाळी हुडाक आला, टोपी हातात घेऊन. मला वाटलं बायकोच्या मयतातल्या गोंधळाबद्दल चार शब्द सुनावणार. मी आधीच क्षमा मागितली. तो म्हणाला, "छे हो. हिवाळाभर ती अंथरुणाला खिळली होती. मंगळवार-गुरुवार खिडकी उघडायला लावायची, एवढ्या थंडीत. ते चुकले की हसायची. म्हणायची, पोरांना जमलं की मला उठव." मग टोपी डोक्यावर चढवून म्हणाला, "तर म्हटलं, जमेपर्यंत कुणीतरी थांबायला हवं." आता तो आमचा झेंडा धरतो. चालताना पाऊल चुकतं, पण झेंडा ताठ असतो. मी त्याच्या मागे चालते आणि डोळ्यांत काही गेलं तरी दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे पुसता येत नाही. हे आत्याला कळवू नका.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहे तो असाच ताणून धरावा.

तुमची धाकटी,
फिलोमेना

ता. क. : परवा शनिवारी एरीत स्पर्धा आहे. ज्या शाळेत आमची झोपायची सोय होती तिथे ऐन वेळी रंगकाम निघालं. तुमच्या फर्निचरच्या गोडाऊनमध्ये जागा असतेच. माणसं एकोणपन्नास. त्यांना फक्त जमीन लागते. (डॉमिनिकला जरा जास्त.) नव्या गाद्यांना कुणी हात लावणार नाही, मी जातीने बघीन.

ता. क. २ : ढोल बसमध्ये मावत नाहीत, म्हणून ते माझ्या शववाहिकेत आहेत. काळी गाडी दारात थांबली तर वहिनींना आधी सांगा की कुणी गेलेलं नाही.

ता. क. ३ : टपालाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून उद्या व्राबेलच्याच हाती पाठवते आहे. तुम्ही हे वाचत असताना पायरीवर उभा आहे तो तोच. हसू दाबून वाचा, आणि त्याने विचारलंच तर सांगा की बहिणीने तुमची तोंड भरून स्तुती केली आहे. मी कोपऱ्यावर गाडीत बसले आहे, मागे बसमध्ये बाकीचे. इथवर वाचायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील असा माझा हिशोब आहे. अकराव्या मिनिटाला तुमच्या त्या शांत, सभ्य गल्लीत आम्ही सरावाला सुरुवात करू.