भामाआत्याने केलेली वजाबाकी

मार्गासनी,
१४ जुलै १९७१

तीर्थरूप आनंदराव मामांस, रतनचा सविनय जयभीम.

तुमची गुडघेदुखी आणि मामींचा खोकला, या दोहोंपैकी निदान एकाने तरी भोर सोडलं असेल अशी आशा करतो. इकडे मी खुशाल आहे. खुशाल हा शब्द अपुरा पडावा इतका खुशाल आहे, कारण माझी कोळंबी नवी ठरली! जगातल्या कुठल्याच पुस्तकात तिची नोंद नाही, असं आमच्या सरांचं पत्र काल आलं. (ती करंगळीच्या पेराएवढी असते आणि रत्नागिरीच्या खाडीत चिखलात बीळ करून राहते, पण म्हणून हसायचं कारण नाही.)

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक नव्हे, दोन नव्या जाती सापडल्याचं कळवलं होतं. एक मोठ्या नांगीची, दुसरी लहान नांगीची. आठ महिने गुडघाभर चिखलात उभं राहून मी त्या गोळा केल्या. बरण्या वेगळ्या, चिठ्ठ्या वेगळ्या, प्रबंधात प्रकरणंही वेगळी. अडचण एवढीच होती की पहिल्या जातीत झाडून सगळे नर निघाले आणि दुसरीत सगळ्या माद्या. त्यावर मी 'उर्वरित नमुने हाती लागले नाहीत' हे वाक्य दोन्ही प्रकरणांत वळणदार अक्षरात लिहून टाकलं. (सरांनीही त्यावर बरोबरची खूण केली होती, हे आपल्यातच ठेवा.)

प्रबंध पुरा करायला रजा काढली आणि बरण्या मांडीवर घेऊन एसटीने गावी आलो. स्पिरिटच्या वासाने शेजारचे सरकत गेले आणि नसरापूरपासून पुढे अख्खं बाकडं मला एकट्याला मिळालं. घरी भामाआत्या बरण्यांपुढे येऊन बसली. तिची हयात भाताच्या बांधांतले खेकडे पकडण्यात गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. (अकरा वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात तुम्ही ते भर पंगतीत बोलूनही दाखवलं होतं.) तेच खेकडे विकून आलेल्या पैशांवर मी शिकलो. तिने फक्त विचारलं, कुठली कोळंबी कुठल्या बिळातली? मी वही काढली. दर बिळापुढे एक मोठ्या नांगीवाला आणि एक लहान नांगीवाली.

“एका बिळात ऱ्हात्यात, मंजी नवरा-बायकू हायेत ती,” आत्या म्हणाली. “आन् तू त्यांच्या दोन जाती करून बसलायस व्हय?”

प्रबंध तसाच गेला असता तर पदवी राहिली बाजूला, परीक्षक जन्मभर हसले असते. तातडीने सरांना कळवलं. त्यांनी त्यांच्याकडचे नमुने पुन्हा तपासले आणि निकाल दिला: जात एकच, पण अस्सल नवी. तिला नाव आत्याचं द्यायचं ठरलं आहे. मला इतका अभिमान वाटतोय की काय सांगू! आत्याने मात्र ती चवीला कशी लागते एवढंच विचारलं.

मामींना जयभीम सांगावा.

आपला भाचा,
रतन

ता. क. माझ्या सत्कारासाठी तुम्ही 'दोन नव्या जातींचे जनक' असा फलक रंगवून घेतल्याचं कळलं. 'दोन'चं 'एक' करावं. 'जनक' काढलंत तर बरं, आत्या फार हसते.

ता. क. २: माझं नावही पुसून तिथे भामाआत्याचं घालावं. ती भोरला यायला तयार आहे, पण बोलावणं करायला तुम्ही स्वतः मार्गासनीला यायला हवं. त्या दिवशी ती खेकड्यांचा रस्सा करणार आहे. या खेपेला पंगतीत काही बोलायचं झालंच, तर 'आणखी वाढा' एवढंच बोलावं.