बाकावरची थोरली

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, मी बरी आहे. फोनवरच विचारणार होते, पण फोनवर तू 'बघू गं' म्हणून विषय बदलतेस आणि माझाही धीर सुटतो. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

ऑफिस सुटल्यावर मी भाजलेल्यांच्या वॉर्डात जाते, हे तुला माहीतच आहे. नव्या पेशंटना भेटणारे आम्ही सगळे कधीतरी भाजलेलेच. एक वेल्डर आहे, एक चित्रकलेच्या बाई आहेत. आमची रीत साधी आहे. पेशंटला मान न वळवता दिसेल अशी खुर्ची ठेवायची, 'सगळं नीट होईल' असं चुकूनही म्हणायचं नाही आणि विचारतील तेवढंच सांगायचं. घराला कुलूप लावून पुन्हा जिना चढून ते ओढून बघणारी मी, तू जिला शंकोबा म्हणतेस ती, तिथे इतकी शांत कशी असते, याचं मलाच नवल वाटतं.

सध्या मी एका लाँड्रीवालीकडे जाते. कपडे दाबायच्या यंत्राची वाफ तिच्या मानेवर आणि खांद्यावर आली. बाई तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, तू काय बघायला आलीस, तिकीट काढलंस का? मग तीच म्हणाली, तुझं दाखव. मी बाही वर केली. ताई, आमच्यात ही मिरवायची गोष्ट असते. माझा हात आता किती मऊ पडलाय, कोपर कसं सरळ होतं, हे आम्ही एकमेकांना नवीन साडी दाखवावी तसं दाखवतो. तिने बोटाने दाबून पाहिलं, धंद्यातल्या माणसाने कापड पारखावं तसं, आणि म्हणाली, कापड चांगलं आहे, इस्त्री तेवढी राहिली. आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर ओरडल्या.

आणि तेव्हाच दारात तिची थोरली बहीण उभी होती, हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन. तिने माझा हात पाहिला. मला विचारलं, तुला होऊन किती वर्षं झाली? मी सांगितलं, अगदी अभिमानाने. ती म्हणाली, एवढ्या वर्षांनीही असंच राहतं? आणि पिशवी दारातच ठेवून निघून गेली. जी गोष्ट आतल्या बहिणीला आनंदाची बातमी वाटली, तीच बाहेरच्या बहिणीला धसका देऊन गेली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्याच येत नाही.

तेव्हापासून थोरली रोज येते, पण बाहेरच्या बाकावर बसते. डबा वॉर्डातल्या मावशींच्या हाती आत पाठवते. लाँड्रीवाली तिच्याच घरी जाणार आहे, दुसरं कुणी नाही तिला. मानेला तेल लावून, चोळून, रोज ताण द्यायला कुणीतरी शिकून घेतलं नाही तर कातडी आखडेल आणि हनुवटी छातीकडे ओढली जाईल. थोरली हे शिकल्याशिवाय हिला घरी सोडणार नाही, असं सिस्टरांनी बजावलंय. आतून लाँड्रीवाली ओरडते, बाहेर अंडी उबवतेयस का गं? थोरली हसते आणि डोळे पुसते, पण उठत नाही.

काल मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने विचारलं, तुला तेल कोण लावायचं? मी म्हटलं, माझी ताई. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, तिला किळस नाही आली? आमच्या रीतीप्रमाणे विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. पण हे तर मी तुला कधी विचारलंच नव्हतं; 'तिलाच विचारते' म्हणून मी उठले.

रात्रभर आठवत राहिले. शाळा बुडाली तेव्हा तूच मला शिकवलंस. ड्रेसिंग चालू असताना आई आत असायची आणि तू बंद दाराबाहेरून भूगोल विचारायचीस. ही नदी कुठून निघते, कुठे जाते? मी रडत, ओरडत उत्तरं द्यायची. माझी समजूत अशी की तू अभ्यासासाठी तिथे थांबायचीस. पण अभ्यास आतही घेता आला असता, नाही का? आणि मग एकदम मला आठवतात ते तुझे तेलाचे हात, माझ्या दंडावर. मधलं काही आठवत नाही. तू आत कशी आलीस? कुणी ढकललं की आपण होऊन आलीस? आईला विचारलं तर ती म्हणाली, ते तुझ्या ताईला विचार.

किळस आली असेल तर मला मुळीच वाईट वाटणार नाही. उलट तसंच असेल तर बरं, कारण थोरलीला नेमकं तेच कुणीतरी सांगायला हवंय, आणि ते मी सांगून उपयोग नाही. आमच्या सगळ्या गटात आत पडलेलीच माणसं आहेत, दाराबाहेर उभं राहिलेलं एकही नाही. म्हणून ताई, रजा काढ आणि ये. त्या बाकावर तिच्या शेजारी बस आणि तिला खरं काय ते सांग. मी आत लाँड्रीवालीपाशी बसेन. तुम्ही काय बोललात ते मी विचारणार नाही. म्हणजे, निदान त्या दिवशी तरी नाही.

तुझीच,
शंकोबा