अळणी पाण्यातलं रक्त

१४ नोव्हेंबर

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काका म्हणाला, काठी दारामागे ठेवून भिंत धरून चालता. तुमच्या हट्टापुढे कुणाचं काय चालणार! आई बरी आहे.

आमच्या लॅबमध्ये एक तपासणी असते. खारट पाण्याच्या नळ्या मांडायच्या, प्रत्येक पुढची आधीपेक्षा अळणी, आणि प्रत्येकीत रक्ताचा थेंब सोडायचा. तांबडी पेशी मधे चेपलेली, चपटी असते. त्यामुळे पाणी आत शिरलं तरी फुगायला जागा असते. पाणी फारच अळणी झालं की मग ती फुटते. पेशंटच्या रक्ताशेजारी धडधाकट माणसाचं रक्त लावायचं, हा नियम. नेहमी रक्त देणारा आमचा ‘पैलवान’ रजेवर होता, म्हणून मी हात पुढे केला. तर माझंच रक्त पेशंटच्या आधी फुटलं!

“धडधाकट म्हणे!” सगळे हसले. मीही हसले.

मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माझ्या पेशी गोळ्यांसारख्या गोल आहेत, त्यांना फुगायला जागाच नाही. हे जन्मजात असतं, बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. आईचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तुमचे डोळे कायम पिवळसर, आणि ऐन तिशीत पित्ताचे खडे काढावे लागले होते; ही याचीच लक्षणं. यात तुमचाही दोष नाही, बाबा. असलं काही कुणी मागून घेत नाही.

डॉक्टरीणबाईंना लहानपणीच गेलेल्या दादाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यालाही हेच असणार. अशा मुलांचं रक्त साध्या तापातसुद्धा झपाट्याने कमी होऊ शकतं. आंघोळीचा काय संबंध?”

तापात आंघोळ घातली म्हणून पोर गेलं, असं तुम्ही आईला चारचौघांत म्हणालात. त्यानंतर तिने कुठल्याच बाळाला आंघोळ घातली नाही. माझ्या लेकीलाही नाही. मला तुमचा फार राग येतो. तुमचाही मुलगा गेला होता हे कळतं, तरी येतो.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यांना पटलं का?”

ती बरी आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. हॉस्पिटलमध्ये आहे. हृदय थकलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत. अजून माणसं ओळखते.

माझ्या सांगण्याने तिचं समाधान होत नाही. उत्तर लिहीत बसू नका. काकाला घेऊन निघा, आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा.

तुम्हा दोघांचं
उरलेलं एकच लेकरू