नजमाच्या अंगठ्याचा भाव

कुरुंदा,
हळद वाळून घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी

जिवाच्या नजमाला, तिच्या बांधाशेजारच्या नर्मदाचा आधी सलाम, मग नमस्कार, आन् मग थोडासा राग. तुझे गुडघे कसे हायेत? तिकडं शारजात जिने चढावे लागत न्हाईत म्हणे, पेटीत उभं राहिलं की पेटीच वर जाते, मग तकलीफ नसंल. लेक अशफाक, सून अलमास आन् नातू खुशाल असतील. इकडं सगळं बराबर हाय. आमचे उत्तमराव खोकतात, पण दोन खोकल्यांच्या मधी मला बोलतात, म्हणजे तब्येत चांगली. फोनवर तू "सब ठीक" म्हणतीस, तेवढ्यात नातू रडतो आन् तू ठेवून देतीस, म्हणून ही चिठ्ठी हातानं लिहून राहिले. आमचा पोरगा विश्वंभर फोटो काढून धाडणार हाय. वाचणार न्हाई म्हणतो. (विश्वंभर, वाचून राहिला असशील तर पुढं तुझंबी येणार हाय, गुमान बस.)

तू अलमासच्या बाळंतपणाला चाळीस दिवसांसाठी गेलीस, त्याला चौदा महिने झाले. मी मोजत न्हाई, भिंतीवर कॅलेंडर हाय, दिसतं. आठवतं का, जायच्या आदल्या दिवशी आमी बायका तुझ्या रानात हळद वेचायला आलो होतो? वारंगुळाच तो, आज आमी तुझ्या रानात, उद्या तू आमच्या. पण तुला उद्या विमानात बसायचं होतं. मग तू लग्नाच्या जुन्या पत्रिका कापल्यास, हळदीच्या पाण्यात अंगठा बुडवून एकवीस चिठ्ठ्यांवर उठवलास आन् एकेकीला दिलीस, की ही ज्या बाईकडं असंल तिच्या रानात नजमाचा एक दिवस. मलाबी दिलीस. मी म्हणलं, अगं आपल्यात काहून चिठ्ठी? तर म्हणलीस, रख ले, कामाला येईल.

आता विश्वंभरचं ऐक. पोरगं मोबाईलमधली नाणी घेऊन राहिलं होतं. माकडाचं तोंड असलेलं कसलं तरी नाणं घेतलं, सकाळी त्याच्यात मोटारसायकल येत होती, दुपारपर्यंत तिचं मागचं चाक उरलं. मग तो एका स्टेबलकॉईन नावाच्या नाण्यात जाऊन बसला. मी म्हणलं, हे काय करतं? म्हणला, काहीच करत न्हाई, एका डॉलरला बांधलेलं हाय, जागेवर राहतं. आन् त्या बाजाराचा सगळा संसार त्याच्याच जिवावर म्हणे! एक नाणं विकून दुसरं घ्यायचं तर मधी हेच लागतं, भाव सांगायचा तर ह्याच्यातच, बाकीची नाणी उड्या मारायला लागली की लोक जीव मुठीत धरून ह्याच्यातच येऊन बसतात, कुणी कुणी तर परमुलखातून घरी पैसे धाडायलाबी हेच वापरतात. मी विचारलं, ते जागेवर काहून राहतं? तर ज्यानं काढलं त्यानं तेवढे खरे डॉलर बाजूला ठेवलेले असतात, मागंल त्याला द्यायचे. आन् त्यानं न्हाई दिले तर? पोरगं म्हणलं, तर एका दिवसात माती. मी म्हणलं, अरे लेकरा, ही तर आपल्या नजमाची चिठ्ठी!

आन् खरंच गं, तुझ्या मागं तुझ्या चिठ्ठ्या गावात फिरायला लागल्या. मिराबाईनं किराणावाल्या बालाजीला एक देऊन चहा-साखर नेली, बालाजीनं ती देऊन आपल्या रानात कामाला बाई सांगितली. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव आज वर, उद्या खाली, पण दिवस तो दिवसच, त्यात काय कमी-जास्त व्हायचं? मग लोक तुझ्यातच भाव बोलायला लागले. कोंबडी दोन नजमा. शेळीचं पिल्लू आठ नजमा. (उत्तमरावांच्या खोकल्याच्या औषधाला वैद्यानं अर्धी नजमा मागितली, मी म्हणलं, तिचे तुकडे करायचे न्हाईत.) कुणी तुझं नाव घेतलं की मला उगाच बरं वाटायचं. वाटायचं, वेशीपर्यंत आलीच हाईस.

मग यंदा हळद काढायच्या तोंडावर मिराबाईनं अलमासच्या स्टेटसवर तुझा फोटो बघितला. सरकत्या जिन्यावर नवी चप्पल घालून उभी, हसून राहिलीस. (मी तो चारदा बघितला. रागबी आला, बरंबी वाटलं.) झालं, गावभर बोभाटा, नजमा आता येत न्हाई. सकाळी तू पुऱ्या दिवसाची होतीस, दुपारी अर्ध्या, आन् दिवस मावळायला बालाजी तुझ्यावर काडीपेटी द्यायला तयार न्हाई! माझ्या डोक्यात असा जाळ झाला म्हणून सांगू. दुकानासमोर उभी राहून म्हणलं, नजमाचा अंगठा तो माझा अंगठा, ज्याला दिवस पायजे त्यानं माझ्याकडून न्या. बोलून बसले बाई. सगळ्याजणी चिठ्ठ्या घेऊन दारात, आन् हळद तर सगळ्यांची एकाच पंधरवड्यात. तिघींना तर मी एकच मंगळवार देऊन बसले. सकाळी एकीच्या रानात, दुपारून दुसरीच्या, तिसरीकडं उत्तमरावांना धाडलं, ते लिंबाखाली बसून खोकले आन् मिराबाईनं त्यांचा पाव दिवस धरला.

बारा दिवस दिले मी तुझे. कंबर अजून सरळ व्हत न्हाई. पण तेराव्या दिवशी कुणी आलंच न्हाई. मागितलं की मिळतं हे बघितल्यावर बाकीच्यांनी चिठ्ठ्या परत पदरात बांधल्या, आन् बालाजी परत पुऱ्या भावानं घेऊन राहिला. विश्वंभर म्हणतो, आई, मोठमोठ्या कंपन्यांना हे जमलं न्हाई. त्यानं नाण्यांचा नाद सोडला असं सांगतो, मी मानत न्हाई.

तर काळजी करू नको. तुझ्या घराचं कुलूप शाबूत हाय, दारातली मेंदी मी पाणी घालून जगवली. नातू मोठा होऊ दे, तू सावकाश ये, घाई न्हाई.

तुझी,
नर्मदा

ता. क. येताना त्या जिन्यावरची चप्पल घालून ये. मिराबाईला दाखवायची हाय.

ता. क. दुसरा. वर "सावकाश ये, घाई न्हाई" लिहिलं ते उत्तमरावांनी सांगितलं म्हणून. तिच्या लेकाचं घर हाय, जिवाला लावून घेऊ नको म्हणाले. मी खोडणार होते, पण कागद पातळ हाय.

ता. क. तिसरा. बारा चिठ्ठ्या माझ्या डब्यात, आठ गावात. एकविसावी माझी. बालाजी तिच्यावर तीन दिवसांचा माल द्यायला तयार होता, दिली न्हाई. आता मोडायची म्हणते. रानात काम काहीच उरलं न्हाई नजमा, सगळं आवरलं. तरीबी मला माझा एक दिवस पायजे. बांधावर बसू, तू बोल, मी ऐकते. तुझ्याशिवाय करमत न्हाई गं. चिठ्ठी दाखवावी लागते ना, म्हणून ह्या कागदाशेजारीच ठेवलीय, फोटोत नीट बघ. अंगठा ओळखू येत नसंल तर माझी चूक हाय. रोज काढून बघते, त्यानं पुसट झालाय.